आधी कोटीपोट, मग दूध

उन्हाळा लागला, हिरवी वैरण संपली आणि गाईम्हशींचे दूध आटू लागले की, गोठ्याच्या मालकाचे लक्ष साहजिकच दुकानाकडे वळते. शक्तिवर्धक भुकटीची पुडी, टॉनिकची बाटली अथवा ‘ॲमिनो आम्लयुक्त’ अशी मोठ्या अक्षरांतील चिठ्ठी लावलेला डबा घरी येतो. त्यासाठी दुधाच्या हिशेबातून उचल घ्यावी लागते. डब्यावर लिहिलेले खोटे असते असे नाही. त्यात मेथिओनिन आहे असे म्हटले असेल, तर ते त्यात असतेही. प्रश्न एवढाच आहे की, गाईच्या तोंडात गेलेले हे मेथिओनिन तिच्या रक्तापर्यंत पोहोचते काय? बहुतेक वेळा ते पोहोचत नाही. ते का पोहोचत नाही, हे ज्या शेतकऱ्यास व ग्रामसेवकास समजेल त्याचा पैसा वाचेल आणि तोच पैसा योग्य ठिकाणी खर्च होईल.

गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट व खरे पोट. माणसाच्या जठराशी ज्याची तुलना करता येईल ते शेवटचे, म्हणजे खरे पोट होय. त्याआधी चारा कोटीपोटात मुक्काम करतो. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक द्रव व चारा मावतो. तेथे हवेतील प्राणवायू जवळजवळ नसतो, ऊब कायम असते आणि लाळेमुळे आम्लता आटोक्यात राहते. अशा जागी सूक्ष्म जंतूंची प्रचंड वस्ती नांदते. कोटीपोटातील रसाच्या एका मिलिलिटरमध्ये जीवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात भरते. त्यांच्या जोडीला प्रजीव व बुरशीही असतात. ज्या काडाला माणसाचे पोट काहीही करू शकत नाही, त्या काडातील सेल्युलोज हे जंतूच फोडतात. म्हणून गाय कडब्यावर जगते असे म्हणण्यापेक्षा, कडब्यावर जंतू जगतात व जंतूंच्या आधारे गाय जगते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

या वस्तीचा एक नियम ध्यानात ठेवला पाहिजे. जे काही गव्हाणीत पडते, त्यावर पहिला हक्क जंतूंचा असतो. पेंडीतील प्रथिनांचा मोठा भाग ते फोडतात, प्रथिनांची ॲमिनो आम्ले करतात व ती आम्लेही पुढे मोडून टाकतात. नत्र असलेला भाग अमोनियाच्या रूपाने सुटा होतो. बाकी राहिलेल्या सांगाड्यापासून जंतूंना ऊर्जा मिळते आणि गाईच्या उपयोगी पडणारी उडणारी मेदाम्ले तयार होतात.

ॲमिनो आम्लांपैकी मेथिओनिन व सिस्टेइन या दोहोंत गंधक असते. वजनाच्या हिशेबाने मेथिओनिनमध्ये सुमारे २१ टक्के, तर सिस्टेइनमध्ये सुमारे २६ टक्के गंधक भरते. दुधातील केसीन, अंगावरील मांस, खूर, शिंग, केस व लोकर या सर्वांच्या घडणीस ही आम्ले लागतात. तथापि कोटीपोटातील जंतूंना गाईच्या या गरजेशी कर्तव्य नसते. सिस्टेइन त्यांच्या हाती लागले की त्यांची विकरे त्याचे तीन तुकडे करतात : पायरुव्हिक आम्ल, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याला जी दुर्गंधी येते, ती याच हायड्रोजन सल्फाइड वायूची होय. मेथिओनिन याहून थोडे अधिक टिकाव धरते. परंतु तेही अखेर फुटते. त्यापासून अमोनिया, एक कीटो आम्ल आणि मिथेनथायॉल नावाचा उग्र वासाचा गंधकयुक्त पदार्थ निघतो, व पुढे त्यातील गंधकाचाही काही भाग सल्फाइडच्या रूपात येतो. साधे, कोणतेही आवरण नसलेले मेथिओनिन खाऊ घातले, तर काही तासांतच त्याचा बराचसा भाग अशा रीतीने नाहीसा होतो. महागाच्या डब्यातील द्रव्याची ही कहाणी आहे. ते गाईसाठी विकत घेतले जाते आणि जंतूंच्या चुलीत सरपण म्हणून जळते.

एवढे वाचून कोणासही वाटेल की, हे जंतू गाईचे शत्रूच असले पाहिजेत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जंतू जसे मोडतात तसेच घडवितातही. मोडून सुट्या झालेल्या अमोनियातील नत्र आणि सल्फाइडमधील गंधक घेऊन ते स्वतःच्या शरीरासाठी नवे सिस्टेइन व नवे मेथिओनिन तयार करतात. चाऱ्याबरोबर हे जंतू पुढे वाहत जातात, खऱ्या पोटात मरतात आणि लहान आतड्यात पचतात. आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिने बहुधा या जंतूंच्या देहाचीच असतात. वापरात न आलेला सल्फाइड कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतो, यकृतात त्याचे सल्फेट होते, त्यातील काही लाळेवाटे पुन्हा कोटीपोटात येते व उरलेले मूत्रावाटे बाहेर जाते.

ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लूस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी नत्रासाठी केवळ युरिया असलेला आहार मेंढ्यांना देऊन पाहिला. त्यांच्या कोटीपोटात आवश्यक ॲमिनो आम्ले नव्याने तयार होतात, असे त्यांनी १९४९ साली दाखवून दिले. ब्लॉक, स्टेकोल व लूस्ली यांनी १९५१ साली किरणोत्सर्गी खूण असलेल्या गंधकाचा सोडियम सल्फेटच्या रूपाने उपयोग केला. शेळीच्या शरीरात व मेंढीच्या कोटीपोटातील जंतूंमध्ये त्या साध्या क्षारातील गंधकापासून गंधकयुक्त ॲमिनो आम्ले बनतात, हे त्यावरून उघड झाले. त्याच वर्षी कॉर्नेलमधूनच कोकरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. युरिया दिला पण गंधक दिले नाही, तेव्हा कोकरांचे वजन घटले आणि सल्फेट दिल्यावर ते सुधारले. पुढे फिनलंडचे नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ व्हर्टानेन यांनी प्रथिने मुळीच नसलेल्या आहारावर गाई पोसून दाखविल्या. शुद्ध पिष्ट, साखर, सेल्युलोज, युरिया व अमोनियाचे क्षार यांवर राहिलेल्या गाईंपैकी चांगल्या गाईने वर्षाला ४,००० किलोच्या वर दूध दिले, असे त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. गोठ्यात कोणी असा आहार द्यावा, असा याचा अर्थ नाही. परंतु साध्या नत्रापासून व साध्या गंधकापासून दूध घडविण्याचे सामर्थ्य कोटीपोटात आहे, याविषयी शंकेला जागा उरत नाही.

आता हे ज्ञान गावच्या गोठ्यात आणून पाहू. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात जनावरांचा मुख्य आधार ज्वारीचा कडबा आहे. कोकण व पूर्व विदर्भात ते स्थान भाताच्या पेंढ्याला आहे. वाळलेल्या कडब्यात प्रथिने बहुधा ३ ते ५ टक्के एवढीच असतात. आहारातील प्रथिने ६–७ टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातील जंतूंना नत्र अपुरे पडते. त्यांची वाढ खुंटते, काड फुटण्यास वेळ लागतो, पोट भरलेले राहते आणि जनावर चारा कमी खाते. समोर कडब्याची गंज असूनही गुरे खंगतात, याचे कारण येथे आहे. अशा जनावराला पहिली उणीव नत्राची असते. म्हणून युरियाची प्रक्रिया केलेले काड देण्याचा सल्ला विस्तार कार्यकर्ते देतात, व तो योग्यच आहे.

मात्र येथे एक गोष्ट नजरेआड होते. नत्राची उणीव भरून निघाली की लगेच दुसरी उणीव डोके वर काढते, आणि ती पुष्कळदा गंधकाची असते. युरियात ४६ टक्के नत्र आहे, गंधक मुळीच नाही. पेंडीतील प्रथिनांतून नत्राबरोबर गंधकही आपोआप येते, युरियातून ते येत नाही. नत्र आले पण गंधक आले नाही, तर जंतू मेथिओनिन व सिस्टेइन घडवू शकत नाहीत. ही दोन आम्ले नसतील तर त्यांची प्रथिनेच पुरी होत नाहीत, आणि न वापरलेला अमोनिया रक्तात जाऊन मूत्रावाटे वाया जातो. विटा आहेत पण चुना नाही, अशा वेळी भिंत जशी अडते तसाच हा प्रकार होय.

हिशेब अवघड नाही. दहा भाग नत्रामागे सुमारे एक भाग गंधक असावे, असे प्रमाण सामान्यतः धरले जाते. गाईम्हशींच्या बाबतीत ते बारा ते पंधरा भागांस एक इतके असले तरी चालते. एखाद्या दुभत्या जनावराला खुराकातून दिवसाला ५० ग्रॅम युरिया मिळत असेल, तर त्यातून २३ ग्रॅम नत्र येते. दहास एक या प्रमाणाने त्याच्या जोडीला सुमारे २.३ ग्रॅम गंधक हवे. जिप्सममध्ये साधारण १८ टक्के गंधक असते. म्हणजे ही गरज पशुखाद्याच्या प्रतीच्या सुमारे १२ ग्रॅम जिप्सममधून भागू शकते. डब्यातील मेथिओनिनची किंमत आणि या चिमूटभर क्षाराची किंमत यांची तुलना ज्याने त्याने करून पाहावी. कोटीपोटातील जंतूंच्या दृष्टीने दोहोंतील गंधकाची योग्यता जवळजवळ सारखीच आहे.

तरीही सरसकट सर्वांनी गंधक देण्यास लागावे असा याचा अर्थ नव्हे. ज्या गोठ्यात भुईमुगाची वा सरकीची पेंड नियमित दिली जाते, ज्याच्या बांधावर लसूणघास आहे, त्या गोठ्यात गंधकाची चणचण बहुधा नसते. चणचण असते ती काड व युरिया यांवर उन्हाळा काढणाऱ्या गोठ्यात. तेथे चांगल्या प्रतीचे खनिज मिश्रण नियमाने देणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. मिश्रणाच्या पिशवीवर कॅल्शियम व फॉस्फरस यांचे आकडे सर्वच पाहतात, गंधकाचा आकडा पाहण्याची सवय मात्र अजून लागावयाची आहे. द्राक्षबागेत धुरळण्यासाठी आणलेले गंधक जनावरांना चारण्याचा मोह कोणीही धरू नये. ते शेतीच्या कामासाठी असते, त्याचे माप चुकते, आणि सल्फेटच्या मानाने त्याचा उपयोगही जंतूंना कमीच होतो.

ज्वारीच्या प्रदेशात गंधकाला आणखी एक काम असते. पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत व कापणीनंतर फुटलेल्या कोंबांत असे द्रव्य असते की, त्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष सुटते. मात्रा मोठी असल्यास जनावर पाहता पाहता दगावते. पशुवैद्य अशा वेळी जी औषधे टोचतात त्यांतील सोडियम थायोसल्फेट हे गंधकाचेच संयुग आहे. विषाची मात्रा अल्प असते तेव्हा जनावराचे शरीर स्वतःच गंधक खर्चून त्याचे थायोसायनेट या बऱ्याच निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. अर्थात ज्वारीच्या कोवळ्या चाऱ्यावर असलेल्या जनावराचे गंधक अशा रीतीने गुपचूप खर्ची पडत असते. म्हणून फुलोऱ्यापूर्वी ज्वारी चारू नये हा जुन्या जाणत्यांचा नियम आजही तितकाच खरा आहे. गंधक देऊन तो मोडता येईल असे कोणी समजू नये.

उणीव जशी घातक तशी अतिरेकही घातक. एकूण आहाराच्या शुष्क भागात गंधक सुमारे ०.२ टक्के असले म्हणजे दुभत्या गाईची गरज भागते. ते ०.४ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागले की धोका सुरू होतो, आणि खुराकाचे प्रमाण मोठे असेल तर त्याहीपूर्वी. कोटीपोटात हायड्रोजन सल्फाइड भरमसाट तयार होतो, ढेकरेबरोबर वर येतो, श्वासाबरोबर फुप्फुसांत जातो आणि मेंदूला इजा करतो. जनावर आंधळ्यासारखे वागते, डोके भिंतीला टेकून उभे राहते, अडखळते व पडते. शिवाय अतिरिक्त गंधक तांब्याचे शोषण रोखते, व आहारात मॉलिब्डेनम असल्यास हा परिणाम अधिक तीव्र होतो. साखर कारखान्याची मळी, मद्यार्क कारखान्यातील धान्याचा वाळविलेला चोथा आणि सल्फेट जास्त असलेले विहिरीचे पाणी यांतून गंधक नकळत येत असते. म्हणून जेथे मळी व असा चोथा मोठ्या प्रमाणावर चारला जातो, तेथे वेगळे गंधक देण्यापूर्वी पशुवैद्याचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मेथिओनिनचा उपयोग रवंथ करणाऱ्या जनावरांना कधीच होत नाही, असे म्हणणे चूक ठरेल. ऑस्ट्रेलियात रीस व शिंकेल यांनी मेंढ्यांच्या कोटीपोटाला वळसा घालून गंधकयुक्त ॲमिनो आम्ले थेट चौथ्या पोटात सोडली, तेव्हा लोकरीची वाढ लक्षणीय रीतीने वाढली, असे १९६३ साली प्रसिद्ध झाले. लोकरीत ३ ते ४ टक्के गंधक असल्याने हे समजण्यासारखे आहे. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईची गरजही एकट्या जंतूंच्या प्रथिनांनी पुरी होत नाही. तिला कोटीपोटात न फुटणारी, म्हणजे प्रक्रिया करून सुरक्षित केलेली पेंड अथवा आवरणयुक्त मेथिओनिन दिल्यास लाभ होऊ शकतो. निसर्गाने वासरासाठी अशीच सोय केलेली आहे. ते दूध चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट टाळून पुढे जाते. कोंबडीला तर कोटीपोटच नाही. तिच्या खाद्यातील मेथिओनिन सरळ तिच्या आतड्यात पोहोचते, म्हणून कुक्कुटपालनात ते वापरणे योग्यच आहे. कोंबडीला लागू पडलेली गोष्ट गाईला तशीच लागू पडेल, या समजुतीत मात्र फसवणूक आहे.

म्हणून विक्रेत्याला विचारावयाचा प्रश्न एकच : ‘हे कोटीपोटातून सुखरूप पार पडते काय?’ त्याचे स्पष्ट उत्तर व पिशवीवर त्याचा उल्लेख नसेल, तर तो माल गाईसाठी घेऊ नये. आणि उत्तर होकारार्थी असले तरी दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा : गाय तेवढ्या दुधाची आहे काय? दिवसाला चार-पाच लिटर दूध देणाऱ्या, सुक्या कडब्यावर असलेल्या गाईला सुरक्षित मेथिओनिन देणे म्हणजे पाया खचलेल्या घरावर कळस चढविणे होय.

ग्रामसेवकांनी या विषयाचा प्रचार कसा करावा, याचाही विचार झाला पाहिजे. शेतकऱ्याला रासायनिक नावे पाठ करावयास लावण्याचे कारण नाही. गोठ्यात दोन प्रकारचे पशुधन आहे, एक दावणीला बांधलेले व दुसरे त्याच्या पोटातील, एवढे पटविले तरी अर्धे काम झाले. पुढील क्रम त्याच्या ध्यानात राहील असा सांगावा. प्रथम कडबा तसाच न टाकता कडबाकुट्टी करून द्यावा व स्वच्छ पाणी मुबलक ठेवावे. दुसरे, शक्य असेल तेथे थोडी तरी द्विदल हिरवी वैरण लावावी. तिसरे, ती नसेल तर १०० किलो काडास ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, तो सारखा शिंपडून, काड दाबून व झाकून २१ दिवस ठेवावे. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास जाऊ द्यावा आणि मग ते हळूहळू सवयीचे करावे. चौथे, त्याबरोबर गंधक असलेले खनिज मिश्रण व मीठ चुकवू नये. पाचवे, जंतूंना नत्र व गंधक वापरण्यास ऊर्जाही लागते, म्हणून थोडे भरडलेले धान्य वा अल्प गूळ द्यावा. एवढे झाल्यावरच महाग वस्तूंचा विचार करावा.

युरियाबाबतची सावधगिरी प्रत्येक वेळी पुन्हा सांगितली पाहिजे. सहा महिन्यांखालील वासरांना, घोड्यांना व उपाशी जनावरांना युरियायुक्त खाद्य देऊ नये. युरिया पिण्याच्या पाण्यात कधीही टाकू नये. युरियाचे द्रावण किंवा रिकाम्या गोण्या जनावरांच्या वाटेत ठेवू नयेत. हा बेफिकीरपणा गाईच्या जिवावर बेततो, आणि मग चांगल्या उपायाचेही नाव गावात कायमचे खराब होते.

दोन गाईंवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्यातील प्रत्येक रुपया मोजून खर्चावा लागतो. तो रुपया डब्यावर गेला तर खनिज मिश्रणाला उरत नाही, आणि खनिज मिश्रण राहिले की पुढचे वेतही लांबते. विस्तार कार्याची कसोटी अशाच ठिकाणी लागते. नवी वस्तू गावात पोहोचविणे हे जसे त्याचे काम आहे, तसेच अनावश्यक वस्तू गोठ्याच्या दारावर थोपविणे हेही त्याचेच काम आहे. कोटीपोटातील जंतू महागडे मेथिओनिन मोडून टाकतात व स्वस्त क्षारातून तेच पुन्हा घडवितात. त्यांच्या या वृत्तीविरुद्ध पैसा खर्चण्यापेक्षा तिच्या आधाराने चारा-पाण्याची आखणी करणे शहाणपणाचे होय. जो आधी कोटीपोटाचे पोट भरील, त्याच्या चरवीत दूध येईल.